गाडीचं थोडं काम राहिलंय

“खाली अजून जरा जास्त दिसतेय,” मी म्हटलं.

मामांनी दार मिटलं, उघडलं, परत मिटलं. मग खिशातून रुपयाचं नाणं काढलं, दार आणि गाडीचं अंग यांच्यामधल्या फटीत उभं धरलं आणि वरपासून खालपर्यंत सरकवत नेलं. नाणं कुठे अडकलं नाही की कुठे सैल पडलं नाही.

“सारखी हाय की गं.”

“नाण्याला वाटत असेल सारखी. डोळ्यांना नाही वाटत.”

मामांनी पाना उचलला आणि बिजागरीचे बोल्ट पुन्हा ढिले करायला लागले. त्या आठवड्यात ते दार त्यांनी कितव्यांदा उतरवलं असेल, कोण जाणे. मी दाराचं वजन दोन्ही हातांवर पेलून उभी राहिले.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्या. आमच्याकडे तशीच पद्धत. मामांचं नाव नेमगोंडा मगदूम. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत घर, पुढच्या अंगाला त्यांचं लेथचं वर्कशॉप आणि मागे परसात पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये ही गाडी होती. दोन माणसांची, बिनटपाची, जमिनीला चिकटून बसलेली लाल स्पोर्ट्‌स कार. कारखान्यातून तयार आलेली नव्हे, घरी जोडलेली. सांगाडा आणि फायबरची बॉडी सुट्या भागांत कोइमतूरहून आली होती, इंजिन एका ठोकलेल्या जुन्या गाडीचं होतं, आणि उरलेलं बरंचसं मामांच्या लेथवर झालेलं. रस्त्यावर न्यायची तिला परवानगी नव्हती. बंद मैदानावरच्या शर्यतींसाठीच ती होती.

जोडायला घेतली होती माझ्या नवऱ्यानं, सन्मतीनं. खोकी आली तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. संध्याकाळी वर्कशॉप बंद झालं की तो शेडमध्ये जायचा आणि मागोमाग मी. मी बॅटरी धरायची, तो गाडीखाली आडवा. “जरा डावीकडं. आता तुझ्या तोंडावर धर, बघू दे.” असली थट्टा चालायची. गाडी निम्म्याहून जास्त उभी राहिली आणि श्रावणात त्याला कावीळ झाली. आधी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. झाडपाला झाला, पथ्य झालं. दवाखान्यात नेला तेव्हा तो माणसं ओळखत नव्हता. रक्षाबंधनाला निपाणीहून माझा भाऊ विद्याधर राखी बांधून घ्यायला यायचा होता, तो खांदा द्यायला आला.

मी सव्वीस वर्षांची होते. मूलबाळ नव्हतं.

शेडला कुलूप लागलं. मी माडीवरच्या खोलीत बसून असायची. आत्या ताट आणून ठेवायच्या आणि थोड्या वेळानं तसंच उचलून न्यायच्या. मामा तर माझ्याशी आधीही फारसे बोलत नसत. सून समोर आली की खाकरून बाजूला होणारी त्यांची पिढी. मुलगा गेल्यावर तर ते घरात आहेत की नाहीत हेही कळेना. खाली लेथ सुरू झाला की समजायचं, आहेत.

थंडीत एकदा सकाळी त्यांनी जिन्याखालून हाक मारली. “त्रिशला, जरा खाली ये.”

मी गेले. शेड उघडी होती. गाडीवरची ताडपत्री काढून त्यांनी घडी घातली होती.

“ब्रेकमधली हवा काढायची हाय. एकट्याला जमत न्हाई. आत बसून पायानं दाबायला माणूस लागतोय. तुला ठावं हाय का?”

“आहे,” मी म्हटलं. सन्मतीबरोबर एकदा केलं होतं.

मी गाडीत बसले. ते चाकापाशी उकिडवे बसले. “दाब. धर. सोड.” मी दाबत होते, धरत होते, सोडत होते. चारही चाकं होईपर्यंत एवढेच तीन शब्द आमच्यात चालले. पण लग्न होऊन आल्यापासून ते माझ्याशी सलग इतकं कधी बोलले नव्हते. त्या दिवशी जेवताना मी भाकरी मागून घेतली. आत्यांनी पदराआड तोंड लपवलं.

मग रोजचंच झालं. वर्कशॉपचं काम आटपलं की मामा शेडमध्ये आणि मी त्यांच्या हाताखाली. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. ऊन भिंतीवर चढलं की आत्या परसदारी येऊन ओरडायच्या, “उठा आता! लोखंडाला किती कुरवाळतायसा?” वायरी ओढल्या, मीटर बसवले, समोरची काच तिच्या रबरात बसवताना दोघांची नखं फुटली. हळूहळू मामा बोलायला लागले. सन्मतीनं लहानपणी लेथचा पट्टा कसा कापला होता ते सांगितलं. स्वतः ते कुणाच्या हाताखाली काम शिकले ते सांगितलं. मीही माझ्या वडिलांविषयी बोलले. मी शाळेत असतानाच ते गेले होते. त्यांची तंबाखूची वखार होती आणि त्यांच्या सदऱ्याला येणारा तो वास मला अजून आठवतो, हे मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

संक्रांतीनंतर विद्याधर आला. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला. मग मामा आणि आत्या समोर असतानाच त्यानं विषय काढला. बेळगावचे सुकुमार चौगुले, जनावरांचे डॉक्टर, आपल्याच समाजातले. त्यांची बायको बाळंतपणात गेलेली. त्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांची हरकत नव्हती.

आत्यांच्या हातातली बशी वाजली. मामा खाली बघत बसले.

मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि वेगळंच निघालं. “गाडीचं काम चाललंय. ते पुरं होऊ दे.”

“गाडी?” विद्याधर म्हणाला. “कुठली गाडी?”

“हाय एक,” मामा म्हणाले. “थोडं ऱ्हायलंय. पाडव्यापतोर हुईल.”

पाडवा आला. गाडी सुरू होत होती, पुढे-मागे सरकत होती. बाकी होती ती बारीकसारीक कामं, आणि ती संपता संपेनात. बॉनेटचा लाल बाकीच्या अंगापेक्षा फिका आहे, असं मी म्हटलं. मामांनी तो घासून पुन्हा रंगवून घेतला. सीटची शिवण सरळ नव्हती, उसवली. मीटरचा दिवा फार पांढरा होता, बदलला. सायलेन्सरची थरथर, आरशाचा कोन, स्टिअरिंगवरच्या चामड्याचा जोड. मामांनी कपाळाला आठी घातली की मी सन्मतीचा दाखला द्यायची, “ते असं म्हणायचे.” मग मामा पाना उचलायचे.

विद्याधरचा निरोप यायचा. मी सांगायची, थोडं राहिलंय.

उन्हं तापायला लागली होती. एका दुपारी मी आत्यांच्या पुढ्यात बसले होते, त्या माझ्या डोक्याला तेल लावत होत्या. बोटं चालता चालता थांबली.

“त्रिशला.”

“काय, आत्या?”

“नगं जाऊस.”

मी वळायला गेले. त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांनी तसंच पुढे धरून ठेवलं.

“हितंच ऱ्हा. सून म्हणून नगं, लेक म्हणून ऱ्हा. तुझ्या भावाला मी सांगतो. तू खाली खुडबुड कराय लागलीस म्हंजी मला वाटतंय, पोरगा शेडमधी हाय.”

त्या तेलकट हातांनी मला मागून धरून रडायला लागल्या. मीही रडले. “नाही जात,” मी म्हटलं. “कुठे नाही जात मी.” आणि म्हणताना मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. विद्याधरला काय लिहायचं ते मी मनात जुळवूनही टाकलं.

परसदारात कुणीतरी खाकरलं. मामा पाणी प्यायला आले होते. तांब्या तसाच ठेवून ते परत गेले.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले तर ते हात धूत होते.

“रविवारी गाडी काढू,” ते म्हणाले. “साखर कारखान्याच्या यार्डात. हंगाम संपलाय, रिकामंच हाय सगळं. वॉचमन वळखीचा हाय. टेम्पो सांगितलाय.”

“पण दाराचं...”

“त्रिशला.” त्यांनी हात पुसले. “झालं, पोरी. आता ह्यात काय ऱ्हायलं न्हाई.”

उसाच्या दिवसांत त्या यार्डात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दाटीनं उभे असतात. मे महिन्यात तिथे नुसती पांढरी जमीन, वाळलेलं पाचट आणि कडेला एक कडुलिंबाचं झाड. टेम्पोतून गाडी फळ्यांवरून उतरवली. उन्हात ती किती लाल दिसली! शेडमध्ये ती मला कधी पुरी दिसलीच नव्हती. टेम्पोवाला वॉचमनबरोबर झाडाखाली जाऊन बसला.

मामांनी किल्ली माझ्यापुढे धरली. “तू चालीव.”

“मी? पहिल्यांदा तुम्ही...”

“मला पाय लांब करता येत न्हाईत त्यात. तुला त्यानं शिकवलंय न्हवं? बस.”

मी बसले. ते धोतर सावरत शेजारी बसले, गुडघे छातीशी आले होते. गाडी हळू निघाली. यार्डाला एक फेरी झाली, दुसरी झाली. काही वाजत नव्हतं, काही हलत नव्हतं. स्टिअरिंग बोटानं वळत होतं.

“बरी चालतीया,” मामा म्हणाले.

“सीट अजून जरा मागे हवी. ते म्हणायचे की...”

“न्हाई म्हणायचा.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते.

“सन्मती असलं काय बी म्हणाला नसंल. दाराची फट, दिव्याचा रंग. त्याला एवढं बारीक दिसत हुतं कुठं? त्यो असता तर चार बोल्ट कमी लावून दिवाळीलाच हिला पळवली असती.”

मी गाडी उभी केली. इंजिन चालूच होतं.

“मग तुम्ही करत का होता सगळं? दार कशाला उतरवत होता?”

“तू म्हणत हुतीस म्हणून.” त्यांनी दारावरून हात फिरवला. “आनी मला बी बरं वाटत हुतं.”

लिंबाखाली दोघं माणसं तंबाखू मळत होती. कारखान्याच्या चिमणीवर घारी फिरत होत्या.

“मी आत्यांना सांगितलंय,” मी म्हटलं. “मी जाणार नाही. तुम्ही ऐकलंत त्या दिवशी.”

“ऐकलं.”

“मग?”

“विद्याधर आपणहून आला न्हवता, पोरी.”

मला कळलं नाही.

“मी गेलो हुतो निपाणीला. मार्गशीर्षात. तुझ्या आईपुढं हात जोडलं. म्हटलं, पोरीला बघा कुटंतरी. चांगला माणूस बघा. माझं नाव काढू नगा. बेळगावला जाऊन त्या डॉक्टरला बघून बी आलो. गोठ्यात बसून गाईच्या पायाला पट्टी बांधत हुता. हात चांगला हाय त्याचा. गाईला हळू बोलत हुता.”

म्हणजे ब्रेकची हवा काढायला त्यांनी जिन्याखालून मला हाक मारली, त्याच दिवसांत हे निपाणीला जाऊन आले होते.

“मी एवढी जड झाले तुम्हाला?” मी ओरडले. त्यांच्यावर मी कधी आवाज चढवला नव्हता. “पाच-सहा महिने हाताखाली काम करून घेतलंत, आणि मनात हे? आत्या मला लेक म्हणतात. तुम्हाला मी नको होते तर सरळ सांगायचं!”

त्यांनी मान खाली घातली. बोलले तेव्हा आवाज इतका बारीक होता की इंजिनात बुडत होता. मी किल्ली फिरवून ते बंद केलं.

“तू आमास्नी पायजेस,” ते म्हणाले. “लई पायजेस. म्हणून तर. तिला तू ऱ्हावीस असं वाटतंय, मला तर तिच्याहून जादा वाटतंय. पर आमी किती दीस? मी जाईन, ती जाईल. मग त्या घरात तू कुणासंगं बोलशील? तवा तुझं वय गेल्यालं असंल. आमच्या म्हातारपणाला आधार म्हणून तुला ठिवून घ्यायचं, तर ते बापाचं काम न्हवं.”

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

“काम चालू ऱ्हातंय तवर तू ऱ्हाशील, मला कळत हुतं. म्हणून मी बी उतरवत गेलो दार. त्या दिशी तू तिला वचन दिलंस, तवा म्हटलं, आता बास. आता चूक माझी हुईल.”

बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. सासऱ्यानं सुनेला हात लावायची आमच्याकडे रीत नाही. तो जड, खरखरीत हात क्षणभर तिथे राहिला आणि उचलला गेला.

“चल. आता जरा पळव की. शर्यतीची गाडी ना ही?”

मी डोळे पुसले, गाडी सुरू केली आणि पळवली. यार्डाच्या त्या टोकापर्यंत, सरळ. वारा तोंडावर आपटत होता, पाचट उडत होतं, आणि सन्मती ज्यासाठी एवढा वेडा झाला होता ते काय होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मामांची टोपी उडाली. मी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, न डगमगता थांबली.

ते उतरून टोपी आणायला मागे चालत गेले. मी त्यांना उघड्या डोक्यानं कधी बघितलं नव्हतं. टोपीपाशी ते वाकले, आणि तिथेच खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. धावत गेले. ते दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून रडत होते. मुलगा गेला तेव्हाही मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. कुणीच नव्हतं बघितलं. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. लिंबाखालचा टेम्पोवाला उठून उभा राहिला आणि काय समजला कुणास ठाऊक, पाठ करून परत बसला.

ज्येष्ठात माझं लग्न झालं, निपाणीच्या बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, मोजक्या माणसांत. मामा-आत्या आले नाहीत. आत्यांनी लुगडं पाठवलं होतं. त्या बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मामांशी त्याहून जास्त दिवस.

दसऱ्याला मी आणि सुकुमार कोल्हापूरला त्यांना सोनं द्यायला गेलो. सुकुमार आत्यांशी बोलत बसले, मी सवयीनं परसात गेले. शेड मोकळी होती. झाडून घेतलेली. मामा माझ्यामागे येऊन उभे राहिले.

“तंत्रशाळेला दिली,” ते म्हणाले. “पोरं शिकत्यात तिच्यावर. खोलत्यात, जोडत्यात.”

“मला विचारलं नाहीत?”

“विचारलं असतं तर तू देऊ दिली असतीस?” मग म्हणाले, “ती हितं असती तर तुझं मन हितंच घुटमळलं असतं. नवं घर हाय तुझं.”

निघताना मी म्हटलं, “मामा, बेळगावला या ना एकदा. घर बघायला.”

त्यांनी मान हलवली. “तिथं मी कोण म्हणून येऊ?”

मी वाकून नमस्कार केला आणि आम्ही निघालो.

मला मुलगी झाली ती पुढच्या वर्षी, निपाणीच्या दवाखान्यात. पहिलं बाळंतपण माहेरी. दुपारची वेळ होती, आई खुर्चीत पेंगत होती. नर्स डोकावून म्हणाली, “ताई, तुमचे वडील आलेत. बाहेर बाकावर बसलेत. आत येऊ का, विचारतायत.”

“त्यांची काहीतरी चूक झालीय,” आई म्हणाली. “हिचे वडील...” आणि मग ती थांबली. माझ्याकडे बघितलं. उठून पदर सारखा केला.

“पाठवा त्यांना,” मी म्हटलं.

मामा दारातच वहाणा काढून आत आले. एका वर्षात फार वाकले होते. आत्यांनी दिलेली डिंकाच्या लाडवांची पिशवी त्यांनी आईकडे दिली, हात पुसले आणि पाळण्यापाशी उभे राहिले. बाळाला हात लावला नाही. वाकून खूप वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. कपाळ बघितलं, नाक बघितलं, मिटलेली मूठ बघितली. ते काय शोधत होते ते मला कळत होतं. ते तिथे असणं शक्य नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

“कुणावर गेलीया?” त्यांनी विचारलं.

“तिच्या वडिलांवर,” मी म्हटलं.

“बरं झालं,” मामा म्हणाले. “बरं झालं, पोरी.” आणि तरीही ते बघतच राहिले.